नळीताईंचा हात

आमच्या संस्थेत लहानमोठ्या चाळीस प्रयोगशाळा होत्या आणि तिथली बिघडलेली यंत्रं माझ्या टेबलावर यायची. मला सगळे मिस्त्री म्हणत. कोण यंत्राला जपतं आणि कोण घरचा राग यंत्रावर काढतं, हे मला कोणी सांगावं लागत नसे. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीतून बारा वर्षांत मला फक्त चार वेळा बोलावणं आलं. त्या खोलीतलं यंत्र नळीताई चालवत.

हे नाव त्यांना कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नाही. त्यांच्या यंत्राचा सगळा जीव एका काचेच्या नळीत होता. नळी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसलं काही नाही. बाहेरून जाड दोऱ्याएवढी, तपकिरी लेप दिलेली, रिळावर गुंडाळून येणारी, आणि आतलं भोक केसाएवढं. तिचा अर्धा मीटर लांबीचा तुकडा कापायचा, एका जागी तपकिरी लेप जाळून पारदर्शक खिडकी करायची आणि तो तुकडा यंत्रात बसवायचा. कापताना टोक जरा जरी खडबडीत राहिलं तरी पुढचं सगळं मोजमाप बिघडतं. खिडकी केलेल्या जागी तर नळी इतकी ठिसूळ होते की जोरात शिंकलं तरी मोडेल, असं आम्ही गमतीने म्हणायचो. नळीताई त्या खोलीत कोणाला शिंकू देत नसत, हे मात्र खरं आहे.

त्या शिकलेल्या शास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांची आई बल्बच्या कारखान्यात होती. तारेचं वेटोळं चिमट्याने उचलायचं आणि दोन खुंट्यांमध्ये अडकवायचं, हे तिचं काम. शाळा संपल्यावर नळीताईही दीड वर्ष आईच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी प्रयोगशाळा सहायकाचा एक लहानसा अभ्यासक्रम केला आणि आमच्याकडे काचसामान धुण्याच्या कामावर लागल्या. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली. नवरा बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. तोवर नळीताई चंचुपात्रं आणि परीक्षानळ्याच धूत होत्या, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मग ते यंत्र आलं. कंपनीचा माणूस दोन दिवस शिकवायला आला होता. नळी कशी कापायची ते त्याने तीनदा दाखवलं. चिनी मातीच्या पातीने एकच हलकी रेघ ओढायची, मग दोन्ही बाजूंनी सरळ ताण द्यायचा, वाकवायचं नाही. तीन पदवीधरांनी हात चालवून पाहिला आणि तिघांनीही नळीचा चुरा केला. नळीताई तिथे कचरा उचलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी एकदा बघू का?" त्यांनी कापलेलं टोक कंपनीच्या माणसाने भिंगाखाली धरून दोनदा फिरवून पाहिलं. नंतर म्हणाला, "या बाईंना इथून हलवू नका." पुढच्या आठवड्यापासून काचसामान धुवायला दुसरं कोणीतरी आलं.

त्या यंत्रावर काय चालायचं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरसाहेबांची प्रयोगशाळा क्वांटम डॉट बनवायची. हे डॉट म्हणजे एका धातूच्या संयुगाचे अतिशय बारीक कण. लाखभर एका ओळीत मांडले तर ती ओळ अर्धा मिलिमीटर भरेल. त्यांच्यावर जांभळा प्रकाश टाकला की ते चमकतात. लहान असले तर हिरवे, मोठे असले तर लाल. डॉक्टरसाहेबांना ते रोगट पेशींना चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखायच्या होत्या. पण उघडे डॉट पाण्यात टिकत नाहीत, एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. म्हणून त्यांच्या अंगावर एक लेप चढवावा लागतो. लेप नीट बसला तर डॉट पाण्यात सुटे राहतात आणि त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार येतो.

लेप नीट बसला की नाही हे बघायचं कसं? डोळ्यांना तर डॉटच दिसत नाही, मग त्याचा अंगरखा काय दिसणार. मोठ्या सूक्ष्मदर्शकातही आतला कण दिसतो, लेप दिसत नाही. तिथे नळीताईंचं यंत्र कामाला यायचं. नळीत द्रावण भरायचं, दोन्ही टोकं दोन कुप्यांत बुडवायची आणि वीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा. आतलं द्रावण एका दिशेने वाहायला लागतं. डॉटही त्याच्याबरोबर वाहत जातात, पण अंगावरचा भार त्यांना उलट्या दिशेला ओढत असतो. लेप पूर्ण असेल तर भार जास्त, म्हणून ते उशिरा पोचतात. लेप गळालेला असेल तर भार कमी, ते आधी पोचतात. जाळून केलेल्या त्या खिडकीवर लेसर रोखलेला असतो. डॉट तिथून गेले की चमकतात आणि पडद्यावरची रेघ वर उठते. त्या उठलेल्या रेघेला नळीताई टेकडी म्हणत. सगळ्यांचा लेप सारखा असला की एकच अरुंद, उंच टेकडी. वरचे लोक तिला इंग्रजी नावाने ओळखायचे, पण हळूहळू तेही टेकडीच म्हणायला लागले.

अकरा वर्षं हे काम सुरळीत चाललं. नळीताई सकाळी नऊला येत, नळी आधी अल्कलीने, मग पाण्याने, मग द्रावणाने धूत, आणि दहाला पहिला नमुना सोडत. कोणी घाई केली की म्हणत, "नळीला घाई कळत नाही, मला कळून काय उपयोग?"

बाराव्या वर्षी मी त्यांच्या यंत्राचा पंखा बदलायला गेलो. खाली वाकलो तेव्हा टेबलाखालचा काचेच्या तुकड्यांचा डबा दिसला. पूर्वी त्यात आठवड्याचे दोन-तीन तुकडे असायचे. त्या दिवशी वीस तरी होते. मी वर पाहिलं. नळीताई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं होतं. मी पंखा बसवला आणि निघून आलो. कोणाला काही बोललो नाही. त्यांनीही मला काही सांगितलं नाही.

पुढचं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांची धाकटी नणंद दवाखान्यात परिचारिका होती. एका रविवारी ती घरी आली होती. नळीताई चहा ओतत होत्या आणि कपापेक्षा बशीत जास्त पडत होता.

"वहिनी, हात पुढे कर बघू," नणंद म्हणाली.

"काही नाही गं, किटली जड आहे."

"किटली ठेव खाली. आता कर हात पुढे."

हात पुढे केला. बोटं थरथरत होती. नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "चार-पाच महिने झाले. मी विचारलं की म्हणते, थंडी आहे." नणंदेने भावाची चांगलीच खरडपट्टी काढली आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर एक गोल गोल वेटोळं काढायला लावलं. ते करवतीच्या दातांसारखं आलं. त्यांनी सांगितलं की जिवाला धोका नाही, पण ही थरथर घराण्यात असते, वयाबरोबर वाढते आणि नेमकी बारीक काम करतानाच येते. नळीताईंना आईची शेवटची वर्षं आठवली. आई पेला दोन्ही हातांनी धरायची. यावर नेहमी देतात ती गोळी त्यांना दम्यामुळे चालणार नव्हती. दुसरी होती, तिने दिवसभर गुंगी यायची. ती त्यांनी चार दिवस घेतली आणि बंद केली.

संस्थेत त्यांनी हे कळू दिलं नाही. निवृत्तीला सहा वर्षं होती. हात थरथरणाऱ्या बाईला नळी कापायला कोण ठेवेल, हा त्यांचा हिशेब सरळ होता. तिथून उचलतील आणि पुन्हा परीक्षानळ्या धुवायला बसवतील, एवढंच त्यांना दिसत होतं. म्हणून त्या सकाळी नऊऐवजी आठला यायला लागल्या. कोणी यायच्या आत दहा-पंधरा तुकडे वाया घालवून एक चांगला कापायचा आणि तो आठवडाभर पुरवायचा. असे आठ महिने गेले.

त्याच सुमारास डॉक्टरसाहेबांकडे एक संशोधक मुलगी आली. तिच्या टेबलावरच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या असत आणि पेनांची टोपणं एकाच दिशेला. तिला सगळे टापटीप म्हणायला लागले. तिला ते ऐकू यायचं आणि तिची काही हरकत नव्हती. तिने डॉटवर चढवायला एक नवा लेप तयार केला. जुन्या लेपाने डॉट जाडजूड व्हायचे, हा नवा पातळ होता, त्यामुळे ते पेशींत सहज शिरतील अशी आशा होती. सहा महिने खपून तिने एक मोठी बाटली तयार केली. रंग उत्तम, चमक उत्तम, सूक्ष्मदर्शकात सगळे डॉट एकाच मापाचे. डॉक्टरसाहेबांनी एका मोठ्या रुग्णालयाच्या संशोधन विभागाला कळवलं की बाटली येत्या सोमवारी पाठवतो. तिथे पेशी वाढवायला सुरुवातही झाली.

फक्त नळीताईंची चाचणी राहिली होती. ती नावापुरतीच, असं सगळे धरून चालले होते.

नळीताईंनी नमुना सोडला. नवव्या मिनिटाला टेकडी आली, हवी तशी. पण तिच्या आधी, साडेसातव्या मिनिटाला, आणखी एक टेकडी होती. नवव्या मिनिटाच्या टेकडीपेक्षा बुटकी, पण स्पष्ट. त्यांनी पुन्हा नमुना सोडला. पुन्हा दोन. टापटीप खुर्चीच्या मागे उभी होती.

"हे काय आहे, ताई?"

"दोन टेकड्या आहेत."

"ते दिसतंय मला. पण असं कसं होईल? बाकी सगळं तर बरोबर आहे."

डॉक्टरसाहेब खाली आले. ते चांगले गृहस्थ होते, पण सोमवार त्यांच्या डोक्यावर बसला होता. आलेख त्यांनी एकदा पाहिला, दोनदा पाहिला. "यंत्रात काहीतरी आहे," ते म्हणाले. "मिस्त्रींना बोलवा."

मी गेलो. लेसर तपासला, दाब तपासला, आतलं तापमान तपासलं, नुसतं द्रावण सोडून रेघ सपाट राहते का ते पाहिलं. दीड तास लागला. "यंत्र ठणठणीत आहे," मी सांगितलं.

"मग नळी," डॉक्टरसाहेब म्हणाले. "टोक वाईट कापलं गेलं तर टेकडी फुटल्यासारखी दिसते. ताई, नवी नळी कापा आणि पुन्हा करा. उद्या दुपारपर्यंत मला कळवा."

ते गेले, टापटीपही त्यांच्या मागे गेली. मी हत्यारं गोळा करत होतो.

"मिस्त्री," नळीताई म्हणाल्या, "खरं सांगा. तुम्ही तो डबा बघितला होता ना?"

"बघितला होता."

"मग सांगा. माझ्या हातामुळे असेल का हे?"

मला ठाऊक नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. त्यांनी यंत्रातली नळी काढली आणि भिंगाखाली टोक पाहिलं. मलाही दाखवलं. मला ते सरळ वाटलं. त्यांनाही सरळ वाटलं. "पण मला आता माझ्या डोळ्यांचाही भरवसा वाटेनासा झालाय," त्या म्हणाल्या. "सरळ असावं असं वाटतं, म्हणून सरळ दिसत असेल."

दुसऱ्या दिवशी त्या आठलाच आल्या, पण नळीला हात लावला नाही. नऊला टापटीप आली तेव्हा त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि समोर रीळ ठेवलं. मी तिथेच होतो. आदल्या दिवशी माझा एक पाना तिथे राहिला होता, असं मी सांगितलं होतं. पाना माझ्या खिशात होता.

"आजची नळी तू काप," नळीताई म्हणाल्या.

"मी? मला नाही जमणार. तुमच्यासारखं इथे कोणालाच जमत नाही."

"मलाही जमत नाही आता. हे बघ." त्यांनी दोन्ही हात टेबलावर तिच्यासमोर उघडे धरले. बोटं चांगलीच हलत होती. "आठ महिने झाले. मी कोणाला सांगितलं नाही. कालच्या दोन टेकड्या तुझ्या डॉटच्या की माझ्या हाताच्या, हे मीच नळी कापली तर कधी कळणार नाही. तू काप. म्हणजे माझा हात यातून बाहेर."

टापटीपने हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाना शोधायला लागलो.

"मग आठ महिन्यांत माझे जुन्या लेपाचे जे नमुने तुम्ही तपासले ते?" तिने विचारलं. आवाज वाढवला नव्हता, पण धारदार होता.

"त्या सगळ्यांना एकच टेकडी आली होती. वाईट कापलेल्या नळीतून चांगली टेकडी येत नाही. तरी तुला शंका असेल तर सगळे पुन्हा करू. नमुने शीतकपाटात आहेत."

तिने पाती उचलली. पहिला तुकडा चुरा झाला. दुसराही. नळीताई तिच्या मागे उभ्या राहून सांगत होत्या, "दाबू नकोस. रेघ ओढायचीय, कापायचं नाहीये. आता ओढ. वाकवू नको, ओढ." सातव्या वेळेला टोक सरळ आलं. खिडकी जाळताना दोन मोडल्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. साडेअकराला नळी यंत्रात बसली. टापटीपच्या कपाळावर घाम होता आणि केसांतली पिन निसटून मानेवर आली होती. तिला तसं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

नव्या लेपाचा नमुना सोडला. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. साडेसात मिनिटांनी रेघ वर उठली. नवव्या मिनिटाला पुन्हा उठली.

नळीताईंनी लगेच जुन्या लेपाचा नमुना त्याच नळीतून सोडला. एकच टेकडी, अरुंद आणि उंच.

"नळी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "यंत्र चांगलं आहे. काही डॉटवरचा लेप गेलाय बाई."

त्यांना बरं वाटलं का, असं मी नंतर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, साडेसात मिनिटांची टेकडी दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला, आणि शेजारी त्या पोरीचं तोंड बघितल्यावर त्याची लाज वाटली.

टापटीप रडली नाही. ती स्टुलावर बसली आणि वहीतलं एकेक पान उलटायला लागली. सहा महिन्यांचं काम त्या वहीत होतं, एकही खाडाखोड नसलेलं. नळीताई शेजारी बसल्या.

"लेप चढवल्यावर काय करतेस?"

"धुते. जास्तीचा लेप पाण्यात सुटा राहिलेला असतो, तो काढून टाकते. गाळणीच्या कुपीत घालून गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवते, डॉट वर राहतात, पाणी खाली जातं. मग नवं पाणी."

"कितीदा?"

"सात वेळा."

"आधीचे लोक कितीदा धुवायचे?"

"तीन. पण तीनमध्ये थोडा कचरा राहतो, ताई. मला तो चालत नाही."

नळीताईंनी अर्धं आयुष्य काचसामान धुण्यात घालवलं होतं. त्या म्हणाल्या, "काच कितीही धुवा, काच उरते. याचं तसं नसेल. सुटा लेप काढून संपला की पाणी अंगावरचा काढायला लागत असेल. मला शास्त्र माहीत नाही, पण बघायला काय हरकत आहे?"

टापटीपला शास्त्र माहीत होतं. तिने एकदम वही मिटली. लेप डॉटला खिळ्याने ठोकलेला नसतो, तो सुटत असतो आणि पाण्यातला सुटा लेप पुन्हा चिकटत असतो, हे तिने आमच्या समोर स्वतःलाच भरभर समजावलं. पाण्यात सुटा काही उरलाच नाही तर सुटलेल्याच्या जागी नवं येणार कुठून? मग ती डोकं धरून म्हणाली, "म्हणजे मी नीट केलं म्हणून बिघडलं?"

"जरा जास्त नीट केलंस," नळीताई म्हणाल्या.

त्या दुपारी डॉक्टरसाहेबांना तिघांनी मिळून सांगायला जावं लागलं. मला खरं तर जायचं कारण नव्हतं, पण नळीताई म्हणाल्या, "यंत्राबद्दल विचारलं तर तुम्ही सांगा." त्यांनी आधी आपल्या हाताबद्दल सांगितलं आणि मग टेकड्यांबद्दल. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आठ महिने तुम्ही हे लपवलंत, ताई."

"हो."

"मला तुमचं प्रत्येक मोजमाप पुन्हा करावं लागेल."

"करा. नळी ही कापेल. मी शेजारी बसेन."

"आणि सोमवारचं काय करू?" हे ते कोणालाच उद्देशून म्हणाले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनीच फोन उचलला आणि रुग्णालयाला कळवलं की बाटली येणार नाही. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. डॉक्टरसाहेब "बरोबर आहे तुमचं" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पलीकडे वाढवलेल्या पेशी फेकाव्या लागल्या, असं पुढे कळलं. त्या विभागाने पुढची दोन वर्षं आमच्याशी काम केलं नाही.

पुढचे नऊ दिवस दोघींनी त्या खोलीत काढले. टापटीपने नवा डॉट घेतला, लेप चढवला आणि प्रत्येक धुण्यानंतर थोडा नमुना बाजूला काढला. तिसऱ्या धुण्यापर्यंत एकच टेकडी. चौथ्याला साडेसात मिनिटांपाशी रेघ जराशी फुगली. पाचव्याला ती फूग डोळ्यांना दिसायला लागली आणि सातव्याला दुसरी टेकडी उभी राहिली. सातही आलेख त्यांनी एकाखाली एक चिकटवून भिंतीवर लावले. डॉक्टरसाहेब येऊन उभे राहिले आणि म्हणाले की हे बाटलीपेक्षा जास्त कामाचं आहे. ते मनापासून म्हणाले की समजूत काढायला, ते मला सांगता येणार नाही.

आधीच्या आठ महिन्यांचे एकोणसाठ नमुनेही पुन्हा तपासले. सत्तावन्न जसेच्या तसे आले. दोनांमध्ये फरक होता. त्या दोनांत चूक नळीताईंच्या हाताची होती, हे त्यांनी स्वतःच वहीत लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं होतं, म्हणून खाली टापटीपने तेच पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिलं.

संस्थेच्या कचेरीला हाताबद्दल कळवावंच लागलं. तिथून पत्र आलं की संबंधित कर्मचाऱ्यास सूक्ष्म कामासाठी अपात्र ठरवून काचसामान विभागात परत पाठवावं. नळीताईंना ज्याची भीती वाटत होती, तेच झालं होतं. त्यांनी ते पत्र घरी नेलं. नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग? राजीनामा देतेस?"

"अहो, राजीनामा कशाला? काच धुतलेली आहे मी आधी."

"हातातून पडेल ती आता."

"मग प्लास्टिकची धुवीन."

तशी वेळ आली नाही. डॉक्टरसाहेबांनी कचेरीला उत्तर लिहिलं. ते मी पाहिलेलं नाही, पण त्यात काय होतं ते संस्थेत सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी लिहिलं की नळी कापायला माणूस शिकवता येतो, पण आलेख बघून काय बिघडलंय ते सांगणारं माणूस त्यांच्याकडे एकच आहे. कचेरीने तीन महिने ते पत्र दाबून ठेवलं आणि शेवटी होकार दिला. नळी कापायचं काम टापटीपकडे गेलं, तिच्यानंतर आणखी एका संशोधकाकडे. नळीताई खुर्चीत बसून आलेख वाचत. कधी टेकडीच्या शेपटीकडे बोट दाखवून म्हणत, "इथे डॉट नळीच्या भिंतीला चिकटतोय." कधी नुसतं, "द्रावण शिळं आहे." बहुतेक वेळा ते खरं निघे. कधी चुकत, आणि चुकल्या की चुकल्या म्हणून सांगत.

दोघींचं फार मेतकूट जमलं असं म्हणता येणार नाही. टापटीप त्यांच्याशी पूर्वीसारखी मोकळेपणाने बोलत नसे. एकदा तिने मला सांगितलं, "त्यांनी लपवलं नसतं तर मी माझ्या धुण्यावर एवढी विसंबून राहिले नसते, चाचणी आधीच दोनदा केली असती." त्यात किती अर्थ होता ते मला कळलं नाही. ती तीन वेळाच धुवायला लागली, पण बाटल्या उंचीप्रमाणेच लावत राहिली. त्या कामाचा लेख छापून आला तेव्हा त्यात तिसरं नाव नळीताईंचं होतं. ते घालायचा आग्रह टापटीपनेच धरला होता, असं मला डॉक्टरसाहेबांकडून कळलं. तिने स्वतः ते कोणाला सांगितलं नाही.

नळीताई त्या खोलीतूनच निवृत्त झाल्या. टापटीप तोवर दुसऱ्या गावी एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली होती. तिथे तिच्या हाताखाली आठ माणसं होती आणि नळ्या कापून, खिडक्या करून तयार येत होत्या. पण कधी आलेख विचित्र आला तर ती तो नळीताईंना घरी पाठवायची, सोबत दोन ओळी. नळीताई स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बघत आणि उत्तर नवऱ्याकडून लिहून घेत. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. पुढे तिकडे त्याहून चांगलं यंत्र आलं आणि पाकिटं यायची बंद झाली. नळीताईंनीही त्याबद्दल कधी विचारलं नाही.